दोघींचे जिवाणू

बदलापूरच्या आमच्या वाचनालयाच्या दारात एक फळा आहे. पूर्वी त्यावर रोज सुविचार असायचा. वेळेचं महत्त्व, आईची थोरवी, हसण्याचे फायदे. निवृत्त झाल्यावर मी ग्रंथपालबाईंना म्हटलं, हे वाचून एकाही माणसाची वागणूक सुधारलेली मला दिसली नाही, तेव्हा आठवड्यातून एक दिवस फळा माझ्या ताब्यात द्या. त्या म्हणाल्या, "घ्या की मॅडम. माझ्याकडचे सुविचार संपतच आलेत."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी त्यावर जगातलं नवं संशोधन मराठीत लिहिते. फळ्याचे चार चौकोन करते: भौतिकशास्त्र, गणित, संगणक आणि जिवाणू. जिवाणूंचा चौकोन जरा मोठा असतो. पक्षपात आहे, कबूल. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका औषधांच्या कारखान्यात, जिवाणू तपासायच्या लॅबमध्ये माझी सगळी नोकरी गेली. ज्यांच्या जिवावर तीस वर्षं पोट भरलं त्यांना चार ओळी जास्त देणं हा काही गुन्हा नाही.

वाचणारे फार नाहीत. पेपर वाचायला रोज येणारे एक आजोबा आहेत, ते फळ्यासमोर उभे राहून सगळं नीट वाचतात आणि मग मला विचारतात, "याचा उपयोग काय?" एकदा मी लिहिलं होतं, की दूरच्या कुठल्या समुद्राकाठी, खारफुटीच्या कुजक्या पानांवर, नुसत्या डोळ्यांना दिसणारा जिवाणू सापडलाय. पापणीच्या केसाएवढा! जन्मभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या बाईला ही बातमी वाचून काय झालं, ते मी त्यांना कसं सांगणार? "उपयोग काही नाही," मी म्हटलं. "तो नुसता आहे." त्यांनी मान डोलावली आणि आत जाऊन निधनवार्तांचं पान उघडलं.

खरं सांगायचं तर मी हा फळा लोकांच्या ज्ञानात भर पडावी म्हणून लिहीतच नाही. मी एकटी राहते. लग्न केलं नाही, आई गेली, भाऊ नाशिकला. सोमवार ते शनिवार माझं बोलणं म्हणजे दूधवाला, वॉचमन आणि भाजीवाली, तेही कामापुरतं. एखाद्या बुधवारी दुपारी फोन वाजला तर पहिला शब्द घशातच अडकतो. फळा लिहायचा म्हणून आठवडाभर वाचावं लागतं, इंग्रजी शब्दांना मराठी शब्द शोधावे लागतात, आणि रविवारी कोणीतरी निदान उपयोग तरी विचारतं. एकटं राहण्यात शांतता असते वगैरे जे म्हणतात त्यांनी एक पावसाळा माझ्या फ्लॅटमध्ये काढून दाखवावा. मला एकटेपणाचा राग येतो.

गेल्या वर्षी जानेवारीत गणिताच्या चौकोनात मी सोफ्याचा प्रश्न लिहिला. काटकोनात वळणाऱ्या बोळातून, न उचलता, नुसता सरकवत नेता येईल असा मोठ्यात मोठा सोफा कोणत्या आकाराचा असेल? साठेक वर्षं गणितज्ञ यावर डोकं खाजवत होते. आता एका तरुण गणितज्ञाने शंभरावर पानांची सिद्धता मांडलीये, की पूर्वी एकाने सुचवलेला आकारच सगळ्यात मोठा, आणि जाणकार मंडळी ती तपासतायत. आजोबांनी वाचलं. या वेळी उपयोग विचारला नाही. म्हणाले, "पण उभा करून नेला तर?"

मी मोठ्याने हसले. वाचनालयात मोठ्याने हसायला बंदी आहे, त्यामुळे ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून बघितलं. हसू थांबलं तेव्हा आठवलं. हे बोलणं मी पूर्वी ऐकलं होतं, माझ्याच जिन्यात.

आई गेल्यावर फ्लॅट घेतला तेव्हा सोफा आणायला मी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात गेले होते. लॅबमध्ये माझ्या शेजारी काम करणारी मैत्रीण बरोबर होती. ती उल्हासनगरचीच, तिथल्या चार नंबर कॅम्पात, फाळणीनंतरच्या सिंधी वस्तीत वाढलेली, सिंधी दुकानदारांशी त्यांच्याच भाषेत भाव करणारी. शेठने किंमत सांगितली की ती इतकी मनापासून हसायची, की शेठचाच स्वतःच्या आकड्यावरचा विश्वास उडायचा. त्या दिवशी तीन माणसांचा सोफा टेम्पोत चढला, बदलापूरला पोचला आणि माझ्या जिन्याच्या वळणावर अडकला. हमाल म्हणाले, परत न्यावा लागेल. ही पदर खोचून पुढे झाली. "अरे भाऊ, खडा करो ना उसको! माणूस जिन्यात कसा वळतो? उभाच वळतो ना?" सोफा उभा केला आणि वळला. मग आम्ही दोघींनी त्यावर बसून तिने आणलेली भाकरी आणि सुकट खाल्ली. मी विचारलं, "एकटीला तीन माणसांचा सोफा कशाला घ्यायला लावलास ग?" ती म्हणाली, "मी आल्यावर आडवी कुठे पडू मग?"

आता त्या सोफ्यावर वर्तमानपत्रांची रद्दी असते. ती यायची बंद झाली त्याला तेव्हा चार वर्षं होत आली होती. का, ते मला माहीत होतं. निदान तसं मी धरून चालले होते.

सव्वीस वर्षं आम्ही शेजारी शेजारी काम केलं. लॅबमध्ये खायला मनाई, म्हणून साडेबाराला बाहेर यायचं, हात धुवायचे आणि कॅन्टीनच्या मागच्या बाकावर डबे उघडायचे. पहिल्याच आठवड्यात अदलाबदल सुरू झाली. ती माझ्या आईचा डबा खायची, मी तिचा. तिचं घर आजोबांच्या पिढीपासून बौद्ध. माझ्या आईला हे कळलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "म्हणजे त्यांच्यातलं खातेस?" मी हो म्हटलं. त्या दिवसापासून आई माझा डबा बाकीच्या भांड्यांत न घालता वेगळा, कढत पाण्याने धुवायला लागली. मी बघायचे आणि गप्प बसायचे. मैत्रिणीलाही कधी सांगितलं नाही. गप्प बसण्यात मी पहिल्यापासून हुशार.

तिच्या निवृत्तीला सात महिने उरले होते. एका मलमाच्या बॅचची तपासणी आम्ही दोघींनी मिळून केली. गाळलेल्या हवेच्या बंद जागेत, मास्क आणि हातमोजे घालून, काचेच्या छोट्या प्लेटांत जिवाणूंचं खाद्य ओतायचं, त्यात औषधाचा नमुना घालायचा, प्लेटा उबेत ठेवायच्या आणि काही उगवतं का ते बघायचं. त्यातली एक प्लेट मुद्दाम कोरी ठेवतात, औषध न घालता. तिच्यात काही उगवता कामा नये. उगवलंच तर औषधाकडे बोट दाखवता येत नाही, काम करणाऱ्याच्या हाताकडे दाखवावं लागतं. पाच दिवसांनी त्या कोऱ्या प्लेटमध्ये तीन पिवळट ठिपके होते. माणसाच्या कातडीवर राहणारा साधा जिवाणू.

तपासणी पुन्हा झाली, मलम निर्दोष निघालं, बाजारात गेलं. पण अहवालात चूक कोणाची ते लिहावं लागतं. साहेबांनी आम्हा दोघींना समोर बसवून विचारलं, काम चालू असताना चेहऱ्याला हात लागला होता का? लागला असेल तर हातमोजे बदलले का?

मला आठवत होतं. मास्कमधल्या वाफेने माझा चष्मा घसरला होता आणि मी तो बोटाने वर सारला होता. हातमोजे बदलायचे तर बाहेर जायचं, सगळं पहिल्यापासून करायचं. एवढ्याने काय होतंय, असं म्हणून मी पुढचं काम केलं होतं. साहेबांना मी म्हणाले, "माझा हात लागला नाही. खात्री आहे." तिने मात्र विचार केला. कपाळाला आठ्या घालून, खरोखर आठवून बघितलं. मग म्हणाली, "सर, मला नक्की नाही आठवत."

अहवालात तिचं नाव लागलं. निवृत्तीनंतर दोन वर्षं तिला कंत्राटावर ठेवायचं ठरलं होतं, ते बारगळलं. निरोपाला शाल आणि नारळ मिळाला. ती माझ्याकडे बघत नव्हती. पुढे तिचा फोन आला नाही. तिने मला ओळखलं, आता ती माझं तोंडही बघणार नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि भीतीने मीही फोन केला नाही. बघता बघता चार वर्षं.

सोफ्यानंतर काही आठवड्यांनी मी संगणकाच्या चौकोनासाठी वाचत होते. प्रश्नांना उत्तरं देणारे ते नवे प्रोग्राम इतक्या आत्मविश्वासाने चुकीचं का ठोकून देतात, यावर संशोधकांनी लिहिलं होतं. त्यांच्या परीक्षेत अंदाजाने ठोकलेलं उत्तर बरोबर आलं तर गुण मिळतात, आणि 'मला माहीत नाही' म्हटलं तर शून्य. मग यंत्र ठोकायला शिकतं. फळ्यावर हे दोन ओळींत लिहिलं आणि माझा हात थांबला. साहेबांची ती खोली, पंख्याखाली फडफडणारा कागद, तिच्या कपाळावरच्या आठ्या. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "चक्कर येतेय का मॅडम?" मी हो म्हटलं, कारण ते सोपं होतं. तो चौकोन अर्धाच सोडून मी भौतिकशास्त्राकडे वळले. तिथे त्या दिवशी अवकाशात पसरलेल्या संथ गुरुत्वलाटांबद्दल होतं, एकेक लाट पुरी व्हायला वर्षानुवर्षं लागतात अशा. आजोबांनी विचारलं, "मग आपल्याला जाणवत कसं नाही?" मी म्हटलं, "आपण फार लहान आहोत म्हणून." त्या दिवशी मला कोणाशीच बोलायचं नव्हतं.

मार्चमध्ये जिवाणूंची बातमी वाचली. एका घरात राहणाऱ्या माणसांच्या पोटातले आणि तोंडातले जिवाणू एकाच वाणाचे होत जातात. माणसं वेगळी राहायला लागली की हे साम्य वर्षागणिक ओसरतं. दूरच्या खेड्यांत जाऊन पाहणी केली, तर वेगळ्या घरांत राहणाऱ्या मित्रमैत्रिणींमध्येही ते दिसलं, एकमेकांबरोबर जेवणाऱ्यांत अधिकच.

सोफ्यावरची रद्दी बाजूला सारून मी तिथेच बसून राहिले. पहिल्यांदा वाटलं, आता माझ्या पोटात कोणाचंच काही उरलं नसेल. जी काही होती ती तिची शिल्लक, तीही चार वर्षांत गेली असणार. स्वतःच्या आतड्यांबद्दल वाईट वाटणारी मी बहुधा पहिलीच बाई असेन, पण वाईट वाटलं, खूप वाटलं. आणि मग दुसरा विचार आला. ती कोरी प्लेट! सव्वीस वर्षं एकमेकींच्या डब्यात हात घातल्यावर तिच्यातले ठिपके माझे की तिचे हे कोण सांगणार होतं? ते दोघींचे होते. चूकही मग दोघींची. निम्मी निम्मी.

हा विचार मला फार आवडला. त्यात एक फट होती, तीही मला लगेच दिसली. संशोधन पोटातल्या जिवाणूंचं होतं, आमचा जिवाणू कातडीवरचा. शिवाय चष्मा कोणी सारला हे कळायला कुठल्याच संशोधनाची गरज नव्हती. दुसऱ्यांच्या अहवालातल्या असल्या फटींवर मी तीस वर्षं लाल पेनने खुणा केल्या होत्या. या वेळी पेन उचललं नाही.

पुढच्या रविवारी फळा लिहून झाल्यावर मी सरळ उल्हासनगरला गेले. अंबरनाथला एमआयडीसीचा वास लोकलच्या खिडकीतून आला, एरवी मी नाकाला रुमाल लावते, त्या दिवशी लावला नाही.

दार सुनेने उघडलं. "अय्या मावशी! किती वर्षांनी!" मैत्रीण आतून आली. वाळली होती. माझ्या शेजारी न बसता समोरच्या खुर्चीत बसली आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. सुनेने पोहे आणले, पाणी आणलं, आणि मला बघून तिला जरा बळ आलं असावं. "मावशी, तुम्हीच सांगा आईंना. किती वर्षं झाली, स्वयंपाकाला हात नाही लावत. पीठ मळत नाहीत, पोराला भरवत नाहीत. दिवसभर नुसते हात धुतात. डॉक्टरकडे चला म्हटलं की बोलतात, मला काय झालंय."

"तू जा ग, चहा टाक," मैत्रीण म्हणाली. पाणी घेण्यासाठी तिने हात बाहेर काढला तेव्हा मी बघितला. पेरांवरची कातडी पांढरी पडून भेगाळली होती.

मी विचारलं, "अजून रागावलीयेस माझ्यावर?"

"मी?" ती गोंधळली. "मी कशाला रागावू? मला वाटलं तूच तोंड फिरवलंस. मला तर तुझ्याकडे बघायची पण हिंमत नव्हती त्या दिवशी. सव्वीस वर्षं टापटीप काम केलं आणि जाता जाता घाण करून ठेवली. तुझं नाव पण खराब झालं असतं ना माझ्यापायी."

म्हणजे तिला संशय कधी आलाच नव्हता. ती लाजेने लपली होती, मी भीतीने लपले होते, आणि मध्ये जेमतेम दोन स्टेशनांचं अंतर.

मी पाठ करून आलेलं बोलायला लागले. एका घरातली माणसं, खेड्यांतली पाहणी, एकत्र जेवणारे मित्र. ती पुढे झुकून ऐकत होती, लॅबमध्ये ऐकायची तशी. मध्येच विचारलं, "सॅम्पल कुठून घेतले?" मी सांगितलं. मग म्हणाली, "म्हणजे ते नक्की माझंच असेल, असं नाही?"

"नाही."

"दोघींचं पण असू शकतं?"

"असू शकतं."

तिने श्वास सोडला, आणि तो किती दिवस धरलेला होता ते मला दिसलं. मग पदराखालचा हात काढून तिने माझ्या हातावर ठेवला. खरखरीत, गरम हात. गेल्या चार वर्षांत मला कोणी हात लावला होता तो दवाखान्यातल्या नर्सने, ब्लडप्रेशर बघताना. "थांब, चहा मीच करते," ती उठत म्हणाली. "तिला तुझी साखर माहीत नाही. आणि पुढच्या रविवारी मी येते बदलापूरला. सकाळीच येते, जेवूनच निघेन."

मला एवढंच तर हवं होतं. नुसतं बसून राहायचं होतं, चहा प्यायचा होता. मी तिला दिलेलं निम्मं तिला पुरलं होतं, ती त्यावर खूश होती. पुढचे सगळे रविवार समोर दिसत होते आणि त्यांतला एकही मला सोडवत नव्हता. पण ती माझे आभार मानत होती. ते मात्र मला सहन होईना.

"तो अभ्यास पोटातल्या जिवाणूंचा आहे," मी म्हटलं. "कातडीवरच्यांचा नाही."

ती स्वयंपाकघराच्या दारात थांबली. "ते आलं ग माझ्या लक्षात. पण चालेल ना."

"नाही चालणार. त्या दिवशी माझा चष्मा घसरला होता. मी बोटाने वर सारला. हातमोजे बदलले नाहीत. साहेबांनी विचारलं तेव्हा मला सगळं आठवत होतं."

आत चहाचं आधण उकळत होतं, त्याचा आवाज येत होता. तिने माझ्याकडे बघितलं नाही. स्वतःचे हात समोर धरले, आधी तळवे बघितले, मग उलटे करून बघितले.

"मग मी इतकी वर्षं हात कशाला धुतले?" तिने विचारलं.

आवाज चढला नव्हता. सॅम्पल कुठून घेतले हे विचारताना होता तसाच होता, तिला खरंच उत्तर हवं होतं. मी माफ कर म्हणाले, दोनदा म्हणाले बहुतेक. ती आत गेली. मला दारातून तिची पाठ दिसत होती. तिने डब्यातून पीठ काढून परातीत घेतलं, नळाकडे न वळता तांब्यातलं पाणी त्यात ओतलं आणि दोन्ही हात घालून मळायला लागली. सून चहाचं भांडं हातात धरून तिच्याकडे बघत राहिली. मी चपला घातल्या आणि दार हळूच ओढून घेतलं. मला थांब असं कोणी म्हटलं नाही.